एकतिसावी मात्रा : ‘झाँसी की रानी’चा छंद, यमक आणि बांधणी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

कार्यकारिणीने मला व्याख्यान द्यायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी साहित्याचा प्राध्यापक नाही. माझी सारी नोकरी हिशेब खात्यात गेली. दुसऱ्याने केलेली बेरीज पुन्हा करून पाहायची, एवढेच मला येते. पण गेल्या वर्षी याच व्यासपीठावर माझ्या हातून एक बेरीज चुकली. ती तुमच्यासमोर दुरुस्त करावी म्हणून आज उभा आहे.

गेल्या वर्षीच्या पाठांतर स्पर्धेला आम्ही तिघे परीक्षक होतो. सातवीतल्या एका मुलीने सुभद्राकुमारी चौहान यांची ‘झाँसी की रानी’ ही कविता म्हटली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पहिली दोन कडवी अशी गेली की मागे चहाच्या टेबलापाशी उभी असलेली मंडळीही गप्प झाली. तिसऱ्या कडव्यात मात्र ती अडखळली. ओळीच्या शेवटी श्वास तुटला आणि पुढची ओळ उशिरा सुरू झाली. पुढे ती सावरली, पण आठव्या कडव्यात पुन्हा तेच. मी माझ्या कागदावर ‘ताल सुटतो’ असे लिहिले आणि पंचविसातले पाच गुण कापले. दुसरे एक परीक्षक हळूच म्हणाले, “आपल्या गणपतीत हिंदी कविता कशाला?” त्यावर मी काहीच बोललो नाही. मुलीला बक्षीस मिळाले नाही.

कार्यक्रम आटोपून आम्ही घरी निघालो. इथून चार पावलांवर कमानिया गेट. गेटाजवळ तिचे आईवडील खव्याच्या जिलबीसाठी थांबले होते. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आजोबा, घरी म्हणतानासुद्धा मी तिथंच अडते. पहिली दोन कडवी सरळ जातात. तिसऱ्यात श्वास पुरत नाही. माझं काय चुकतं?”

मी मोठेपणाने म्हणालो, “सराव कमी पडतो, बाळ.”

घरी आलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. नेहमी एकाच जागी अडते, म्हणजे चूक तिची नसून जागेची असेल, हे हिशेब खात्यातल्या माणसाला तरी कळायला हवे. एकाच पानावर बेरीज वारंवार चुकत असेल तर आम्ही कारकुनाला बोल लावण्याआधी ते पान तपासतो. मी पुस्तक काढले, पेन्सिल घेतली आणि एकेक मात्रा मोजायला बसलो. जे सापडले ते आज सांगतो.

आधी मोजणी कशी करायची ते पाहू. ज्यांना शाळेतले व्याकरण आठवत असेल त्यांनी क्षमा करावी. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर येऊन त्याचा आघात मागे पडला, की ते ऱ्हस्वही गुरू होते. अक्षरगणवृत्तात लघू-गुरूंचा क्रम ठरलेला असतो. मात्रावृत्तात क्रम मोकळा, फक्त बेरीज जुळली पाहिजे. म्हणजे खर्चाची बाब कोणतीही असो, एकूण रक्कम तीच.

कवितेच्या ओळी मी इथे उद्धृत करत नाही. ती तुम्हाला पाठ आहे, मनात म्हणा. मोजणीसाठी मी घरचीच एक साधी ओळ बांधून आणली आहे. तिला कविता म्हणू नका, माप म्हणा :

कमानियाच्या खाली जमली गर्दी सारी गावाची

‘कमानियाच्या’च्या आठ मात्रा. ‘खाली जमली’च्या आठ. ‘गर्दी सारी’च्या आठ. ‘गावाची’च्या सहा. एकूण तीस. आठ, आठ, आठ, सहा. सोळा मात्रांवर अर्धी ओळ होते आणि उरलेल्या अर्ध्यात चौदा. सुभद्राकुमारींच्या कवितेचे पहिले कडवे याच मापाचे आहे. ज्यांनी संगीत नाटके ऐकली आहेत त्यांना साकी आठवेल. साकीच्या ओळीत सोळा आणि बारा मात्रा. त्यात शेवटी दोन वाढवल्या की आपण या कवितेच्या दारात येतो.

आता मांडीवर ताल धरा. आठ मात्रांचा एक ठोका. बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, ‘छंदोरचना’त आठ मात्रांच्या या फेऱ्याला पद्मावर्तन असे नाव दिले आहे. तीन फेरे पूर्ण होतात आणि चौथ्यात सहाच मात्रा असतात. पण ठोका तर आठाचाच चालू आहे. मग उरलेल्या दोन मात्रा कुठे गेल्या? त्या कागदावर नाहीत. त्या म्हणणाऱ्याच्या छातीत आहेत. त्या दोन मात्रांत तो श्वास घेतो. कवीने ओळीच्या शेवटी श्वासासाठी मोकळी सोडलेली ती जागा आहे.

इथे एक बारकावा सांगतो. सोळाव्या मात्रेवर शब्द संपावा असा संकेत आहे. पण या कवितेच्या पहिल्याच ओळीत सोळावी मात्रा एका शब्दाच्या मधोमध पडते. दुसऱ्या कडव्याच्या आरंभीही तसेच. अर्थाकडे पाहून थांबायला गेलो तर फसगत होते, आठाचा ठोका धरला तर ओळ आपोआप पुढे सरकते. म्हणून ही कविता वाचायला अवघड आणि म्हणायला सोपी आहे. ती डोळ्यांसाठी बांधलेलीच नाही.

हिंदी छंदशास्त्रात या सोळा-चौदाच्या मापाला काय म्हणतात ठाऊक आहे? लावणी! शेवटी तीन गुरू आले तर ताटंक, दोन आले तर कुकुभ, आणि शेवटावर असे बंधन नसले तर लावणी. आपल्याला लावणी म्हटली की ढोलकी आणि फड आठवतो. हिंदी मुलखात ‘लावनी’ म्हणजे ख्याल गाणाऱ्यांचा प्रकार, आणि त्यांच्यातही तुर्रा आणि कलगी असे दोन पक्ष. आपल्याकडचा कलगी-तुरा तो हाच. नाव कोणत्या बाजूने निघाले यापेक्षा नर्मदेच्या दोन्ही तीरांवर ते टिकले, हे मला महत्त्वाचे वाटते. काशीत जन्मलेली, मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाने वाढली आणि नेवाळकरांची सून होऊन झाशीला आली. तिची गोष्ट सांगायला हिंदी कवयित्रीने जे माप उचलले त्याचे नाव लावणी. ही गाठ मला पंचाहत्तरी उलटल्यावर दिसली.

आता त्या मुलीच्या तिसऱ्या कडव्याकडे येतो. या कडव्यात छोटी मनू लुटुपुटीचे युद्ध खेळते, व्यूह रचते, आणि तिचे तलवारीचे हात पाहून मराठे हरखून जातात. मी मोजू लागलो. पहिला अर्धा सोळा, बरोबर. दुसरा अर्धा पंधरा. पुन्हा मोजला, पंधराच. चारही ओळी मोजल्या. सोळा आणि पंधरा, एकूण एकतीस. शिवाय ओळीचा शेवट गुरूवर नाही, लघूवर आहे. घरच्या मापाने सांगायचे तर :

कमानियाच्या खाली भरला मोठा गर्दीचा बाजार

‘मोठा गर्दी’च्या आठ झाल्या. ‘चा बाजार’च्या सात. शेवटचे अक्षर ‘र’, लघू, तोडल्यासारखे. पुन्हा ताल धरा. चौथ्या फेऱ्यात सात मात्रा शब्दांनी खाल्ल्या. श्वासाला उरली एकच. पहिल्या दोन कडव्यांत प्रत्येक ओळीनंतर दोन मात्रांचा श्वास मिळत होता, तो अचानक निम्मा झाला. आणि ओळीचा शेवटही असा तुटक, की दीर्घ स्वर लांबवून वेळ काढावा तर तीही सोय नाही.

त्या मुलीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिसऱ्यात श्वास पुरत नाही. तिने कवितेतला बदल छातीने ओळखला होता, मला तो कानाने ओळखता आला नाही. चूक म्हणून मी जिथे गुण कापले तिथे कवितेने वळण घेतले होते.

आता हे एकतीस मात्रांचे माप कुठले? तुमच्यापैकी जे नोकरीच्या निमित्ताने सागर, दमोह, छतरपूरकडे राहिले आहेत त्यांनी ते नक्की ऐकले असेल. श्रावण-भाद्रपदात, पाऊस लागून राहिला की चावडीवर ढोलक घेऊन जो आल्हा गातात, त्याचे हे माप. महोब्याचे वीर आल्हा आणि ऊदल यांच्या लढायांची ती गाथा. त्या गाथेवरून छंदालाच आल्हा म्हणतात, दुसरे नाव वीर छंद. सोळा अधिक पंधरा, शेवटी गुरू आणि मग लघू. बुंदेलखंडातला निरक्षर शेतकरीही हे माप कानाने जाणतो.

म्हणजे सुभद्राकुमारींनी एकाच कवितेत दोन मापे चालवली. एक लावणीचे, एक आल्ह्याचे. माझ्याजवळच्या प्रतीत अठरा कडवी आहेत. त्यांतली तिसरे, आठवे, नववे, दहावे, बारावे, चौदावे आणि सोळावे अशी सात कडवी आल्ह्यात आहेत, बाकीची अकरा तीस मात्रांच्या मापात. कुठे कुठे श्वास निम्मा होतो ते पाहा. आठव्यात इंग्रजांनी गिळलेल्या राज्यांची यादी येते. तीत नागपूर, सातारा, तंजावर ही आपली नावे आहेत. सातारा १८४८ साली गेले, झाशी आणि नागपूर १८५४ साली, तंजावर १८५५ साली. यादी दमछाक करणारी आहे आणि मापही तसेच. नवव्यात नागपूरकरांचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात लिलावाला निघतात. बाराव्यात युद्धात कामी आलेल्यांची नावे. चौदाव्यात राणी काल्पी गाठते आणि तिथून ग्वाल्हेरकडे निघते. सोळाव्यात तो नाला, तो बुजलेला नवा घोडा आणि चहूबाजूंनी पडणारे वार.

आणि सतरावे? सतराव्यात राणी गेलेली आहे, चिता पेटली आहे. तिथे माप पुन्हा तीस मात्रांवर येते. ओळीचा शेवट दीर्घ होतो, श्वासाला दोन मात्रा परत मिळतात. सोळाव्यात धाप लागते आणि सतराव्यात सगळे शांत होते. हे मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी त्या रात्री म्हणून पाहिले आणि सतराव्या कडव्यात मला पुढे बोलता येईना.

मात्र हिशेबाला हिशेब म्हणून हेही सांगितले पाहिजे, की जिथे लढाई तिथे आल्हा, असा सरळ नियम यातून निघत नाही. झाशीच्या मैदानातली समोरासमोरची लढाई तेराव्या कडव्यात आहे आणि ती तीस मात्रांत आहे. नियम काढण्यापेक्षा एवढे लक्षात ठेवावे, की माप बदलते तिथे म्हणणाऱ्याने तयारीने जायचे. आदल्या कडव्याचे ध्रुपद संपतानाच पूर्ण श्वास भरून घ्यायचा, आणि ओळीचा शेवटचा लघू ओढून दीर्घ न करता टप्पकन सोडायचा. मुलांनो, ही तुमच्यासाठी युक्ती. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

आता यमक आणि बांधणी. एका कडव्यात सात ओळी. पहिल्या चार गोष्ट सांगतात आणि आपसात यमक जुळवतात. शेवटच्या दोन म्हणजे ध्रुपद, ते कधीच बदलत नाही. मधली पाचवी ओळ मला सगळ्यात हुशार वाटते. तिचा अर्थ वरच्या चार ओळींचा असतो, पण यमक खालच्या ध्रुपदाचे. वरचे चार जण कुठेही भटकून आले तरी पाचवी त्यांचा हात धरून घरी आणते. आल्ह्याच्या कडव्यांतही पाचवी ओळ तीस मात्रांवरच येते. पोवाड्यात शाहीर कडवे लांबवत नेतो आणि एका ठिकाणी नुसत्या फेकीने झीलकऱ्यांना सांगतो की आता तुमची पाळी, तेच काम ही ओळ करते.

बेरीज करून पाहा. अठरा कडव्यांच्या एकशे सव्वीस ओळी. ध्रुपदाच्या छत्तीस, पाचव्या ओळी अठरा, आणि पहिल्या कडव्यातल्या चारही ओळी त्याच यमकाच्या. म्हणजे अठ्ठावन्न ओळी ‘रानी’ या एका शब्दाशी यमक जुळवतात. जवळजवळ निम्मी कविता! अठरा वेळा कान वाट पाहतो आणि अठरा वेळा त्याच शब्दाने समाधान पावतो. पाठांतर सोपे का जाते, याचे उत्तर इथे आहे. गोष्ट विसरली तरी यमक तिला शोधून आणते.

यमकात थोडी ढिलाईही आहे, आणि ती मला आवडते. दुसऱ्या कडव्यात ‘छबीली’ला ‘अकेली’ जुळवले आहे, ‘ई’ला ‘ए’. तिसऱ्यात ‘शिकार’च्या जोडीला ‘खिलवाड़’ आहे, म्हणजे ‘र’ला नुक्त्याचा ‘ड़’. पंडित नाक मुरडतील. पण ढोलकाच्या ठेक्यावर म्हणून पाहा, कानाला काही खटकत नाही. याउलट चौथ्या कडव्यात, जिथे नवी राणी झाशीत येते, तिथे चारही ओळी गावाच्या नावाने संपतात आणि यमक त्याच्या आधीच्या शब्दात आहे. सुरेश भटांमुळे ज्यांना गझलेची ओळख झाली ते म्हणतील, हा तर काफिया आणि रदीफ. बरोबर! लग्नाची बातमी गावभर होते तसे ते गावाचे नाव चारदा घुमते.

ध्रुपदात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या संतांच्या अभंगात शेवटी कवीचे नाव येते. इथे दर कडव्याला नाव येते ते बुंदेलखंडाच्या हरबोल्यांचे, गावोगाव हिंडून गाणाऱ्यांचे. ही कहाणी आम्ही त्यांच्या तोंडून ऐकली, एवढेच कवयित्री सांगते. स्वतःचे नाव कुठेच नाही. अठरा वेळा श्रेय दुसऱ्याला.

आता आपल्या गावाकडे येतो. अकराव्या कडव्याची पाचवी ओळ आठवा. १८५७ च्या हालचाली कुठे कुठे झाल्या ते सांगताना तीत दोन गावे शेजारी बसवली आहेत : जबलपूर आणि कोल्हापूर! जबलपुरात १८ सप्टेंबर १८५७ ला गोंड राजे शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. त्यांच्याविरुद्धच्या पुराव्यात एक कविता होती, शत्रूचा संहार कर अशी देवीला केलेली विनवणी. कोल्हापुरात त्याच वर्षी ३१ जुलैला सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला आणि पुढे छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले. आपल्यात कोल्हापूरकडची घराणी आहेत. चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या त्या घरांना कल्पनाही नसेल, की आपली दोन्ही गावे एका ओळीत आधीच नांदत आहेत.

त्या ओळीची मात्रामोजणी तर गमतीची आहे. माझ्या प्रतीत दोन्हींतला ‘पू’ दीर्घ छापला आहे, आपण मराठीत लिहितो तसा. तसे मोजले तर एकतीस होतात, एक जास्त. तीस हव्या असतील तर म्हणताना एका ‘पू’ला आखडते घ्यावे लागते. आपल्या मराठीतही तेच नाही का? गाव ‘जबलपूर’, पण आपण राहतो ‘जबलपुरात’. नाव घेताना दीर्घ, राहायला आलो की ऱ्हस्व. दोन गावांना एका ओळीत राहायचे तर एकाला थोडे आवरून बसावे लागते. शंभर-दीडशे वर्षे परमुलखात काढलेल्या आपल्या लोकांना हे छंदशास्त्रातून शिकायची गरज नाही.

म्हणून त्या प्रश्नाला मी आज, एक वर्ष उशिरा, उत्तर देतो. आपल्या गणपतीत हिंदी कविता कशाला? प्रश्न विचारणाऱ्यांची कळकळ मी जाणतो. घरात मराठी कमी होते आहे, नातवंडे ‘मला माहीत आहे’ऐवजी ‘मला मालूम आहे’ म्हणतात, ही चिंता माझ्याही घरातली आहे. मराठी कविता पाठ करून घेतल्याच पाहिजेत आणि त्यात हयगय नको. पण राणीला ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्या गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ आपल्या मराठीत आहे, १९०७ साली छापलेले. आपल्यातल्या किती घरांत ते आहे? राणीची आठवण मराठी गद्याने जपली आणि हिंदी छंदाने घरोघर नेली. एकीची जागा दुसरी घेत नाही. मुलाने कविता म्हणावी आणि आजोबांनी ‘माझा प्रवास’ उघडून झाशीची हकीकत वाचून दाखवावी, असे झाले तर दोन्ही भाषा त्या घरात राहतील.

आणि सुभद्राकुमारी तरी परक्या कुठे? जन्म १९०४ चा, अलाहाबादजवळच्या निहालपूरचा. लग्न १९१९ साली खंडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहानांशी झाले आणि संसार या जबलपुरात. म्हणजे त्याही बाहेरून येऊन इथल्या झालेल्या. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना नागपूरला अटक झाली. १९३० साली त्यांचा ‘मुकुल’ हा संग्रह आला, त्यात ही कविता आहे. १५ फेब्रुवारी १९४८ ला नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात त्या गेल्या. नागपूर-शिवनी-जबलपूर, हाच तो रस्ता, ज्याने आपल्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज बोचकी घेऊन इकडे आले.

ज्या कमानिया गेटाखाली त्या मुलीने मला प्रश्न विचारला, ते गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीचे. पट्टाभि सीतारामय्यांचा पराभव करून सुभाषबाबू अध्यक्ष झाले आणि आजारी अंगाने त्या अधिवेशनाला आले. चार वर्षांनी, १९४३ साली, सिंगापुरात त्यांनी स्त्रियांची पलटण उभी केली. तिला त्यांनी नाव दिले ‘झाशीची राणी’. जिलबीसाठी आपण त्या गेटापाशी नेहमी थांबतो. यापुढे थांबाल तेव्हा हेही आठवावे.

आता माझ्या बेरजेची दुरुस्ती. गेल्या वर्षीचे बक्षीस मला बदलता येत नाही. ज्या मुलाला ते मिळाले त्याने ते मेहनतीने मिळवले होते. पण माझ्या कागदावरचे ते पाच गुण मी आज जाहीरपणे परत करतो. कार्यकारिणीला दोन सूचना करतो. एक, परीक्षकांनी स्पर्धेतल्या कविता आधी स्वतः मोठ्याने म्हणून पाहाव्यात. दोन, मराठी पाठांतराच्या जोडीला आपण जिथे राहतो तिथल्या भाषेतल्या कवितेसाठी एक वेगळा गट असावा.

त्या मुलीला मी मोजणीचा कागद नेऊन दिला. तिने तो पाहिला, बोटांवर मोजले आणि म्हणाली, “म्हणजे माझं चुकत नव्हतं?” मी म्हणालो, “नाही बाळ, माझं चुकलं.” ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझे बोलणे संपल्यावर ती अठराही कडवी म्हणणार आहे. तुम्हाला विनंती एवढीच, की मांडीवर आठाचा ताल धरा, आणि तिसऱ्या कडव्याला तिच्याबरोबर तुम्हीही श्वास भरून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!